गोळीबाराचा जमाखर्च



१२ ऑक्टोबर २०२४ चा दिवस आठवा. दसरा होता, म्हणजे आपल्यापैकी अनेकजण धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेले. त्या रात्री इकडे मुंबईत, वांद्रे पूर्वेच्या निर्मलनगर भागात, माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहिसर-बोरिवली भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. एप्रिलमध्ये सलमान खानच्या घरावर पहाटे गोळीबार झाला होता. झाले! वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना मथळा मिळाला : मुंबईत पुन्हा टोळीराज, नव्वदचे दशक परत आले.

तेव्हापासून अनेक वाचक, विशेषतः माता-भगिनी, आम्हांस विचारतात की पोराला रात्रपाळीला पाठवावे की नाही, मुंबई राहण्यासारखी उरली आहे की नाही. प्रश्न काळजीपोटी आहे, म्हणून त्याची टिंगल करणे आम्हांस पटत नाही. परंतु आम्ही पडलो कारकून. कोणी नुसते 'वाढले, वाढले' म्हणू लागला की आमचा हात आपोआप खातेवहीकडे जातो. तेव्हा या खेपेस या सदरात मुंबईतील खुनांचा आणि गोळीबारांचा जमाखर्च मांडायचे योजले आहे.

आधी अलीकडचे आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार मुंबई शहरात २०१९ साली १६८ खून नोंदले गेले, २०२० साली १४८, २०२१ साली १६२ आणि २०२२ साली १३५. याच २०२२ साली दिल्लीत ५०१ आणि बंगळूरात १७३ खून झाले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या आसपास आहे. म्हणजे लाख माणसांमागे वर्षाला साधारण एक खून. सबंध देशाचा आकडा २०२२ साली लाखामागे २.१ होता. ज्या शहराला आपण गुंडांचे माहेर म्हणतो, तेथे खुनाचे प्रमाण देशाच्या निम्म्यावर आहे!

आता याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवा. मुंबईच्या लोकल रेल्वेमार्गांवर २०२३ साली अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. रोजची सात. त्यांतले बहुतेक तुमच्या-आमच्यासारखे, कल्याण-विरार-पनवेलहून डबा घेऊन निघालेले. त्यांच्या नावाने एकही वाहिनी रात्रभर ओरडत बसली नाही. मुंबईत जिवाला भीती कशाची धरायची, हे ज्याने त्याने या दोन आकड्यांवरून ठरवावे.

परंतु नव्वदचे दशक नुसते मथळ्यापुरते नव्हते. ते खरेच होते, आणि आपल्या वस्त्यांनी ते जवळून पाहिले आहे. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी, नायगाव येथल्या घराघरांत त्या काळी काही नावे कुजबुजत घेतली जात, आणि पोरे तीच नावे नाक्यावर मोठ्याने घेत. त्या नावांच्या मागे काय होते हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईचा काळा धंदा म्हणजे सोन्याची चोरटी आयात, हातभट्टी आणि मटका. हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन मुदलियार ही त्या काळची नावे. मारामाऱ्या होत, खूनही पडत, पण हत्यार बहुधा चाकू किंवा तलवार. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला तोही अशाच शस्त्रांनी. १९७४ च्या जानेवारीत पँथरच्या मोर्चावर वरून दगडी पाटा टाकून भागवत जाधव यांचा जीव घेतला गेला, तेव्हाही बंदूक लागली नव्हती.

बंदुकीचे युग आले ते १९८१ च्या सुमारास. त्या वर्षीच्या १२ फेब्रुवारीला प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊद इब्राहिमचा भाऊ साबीर याला गोळ्या घालून मारले, आणि सुडाचा सूड सुरू झाला. पुढच्याच वर्षी दोन तारखा एकमेकींना लागून येतात. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला आंबेडकर महाविद्यालयाजवळ मन्या सुर्वे हा पदवीधर गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतली ही पहिली 'चकमक' असे मानतात. आणि बरोबर सात दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले.

या दोन तारखांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण आमच्या मते पुढच्या वीस वर्षांची गोष्ट या दोन तारखांत मावते. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. तो विझत गेला. गिरण्यांची भोंगी बंद पडली, गावाकडे परत गेलेले परतले नाहीत, आणि जे चाळीत राहिले त्यांची पोरे नाक्यावर उभी राहिली. बापाला गिरणीत बदली कामगार म्हणून का होईना, हजेरी होती. पोराला ती नव्हती. घरात दहा बाय बाराची खोली, तीत सात-आठ माणसे. मग नाका हेच त्याचे घर, आणि नाक्यावरचा 'दादा' हाच त्याचा मुकादम.

टोळ्यांनी याच पोरांची भरती केली. दगडी चाळ घ्या, दादरला भाजीचा धंदा असलेल्या नाईक कुटुंबातून निघालेली टोळी घ्या, नाहीतर चेंबूरच्या टिळकनगरात सहकार टॉकीजबाहेर तिकिटांचा काळाबाजार करत वर आलेला राजेंद्र निकाळजे ऊर्फ छोटा राजन घ्या. (त्याचे आडनाव ऐकून आमच्याकडच्या काही पोरांना तेव्हा उगाच 'आपला माणूस' वाटे. हे लिहिणे काहींना रुचणार नाही, पण वाटत होते हे खरे. त्या 'आपल्या माणसाने' आपल्या वस्तीत एखादी अभ्यासिका काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.) म्होरके दुबईत, कराचीत, मलेशियात जाऊन बसले. गोळी झाडायला पोरे मात्र इथलीच, आणि मेलीही बहुतेक इथलीच. एका सुपारीचे खाली उतरत उतरत गोळी झाडणाऱ्याच्या हाती काही हजार रुपये येत. वरच्या माणसाने किती घेतले हे त्याला कधीच कळत नसे. नोकरीत मधल्या दलालाने पगार खाल्ला तर आपण युनियनकडे जातो. इथे कोणाकडे जाणार?

मग नव्वदच्याच दशकात गोळीबार एवढे का वाढले? याचे उत्तर सरकारी धोरणात आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. १९९० मध्ये सोने नियंत्रण कायदा रद्द झाला आणि १९९२ पासून परदेशातून येणाऱ्यांना कर भरून सोने आणण्याची मुभा मिळाली. चोरट्या सोन्यात पहिल्यासारखी कमाई उरली नाही. टोळ्यांनी दुसरा धंदा शोधला तो खंडणीचा आणि जमिनीचा. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, शहराच्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट काढून देण्यात आली. ज्या जमिनीवर आपल्या बापजाद्यांनी घाम गाळला, तिचा भाव एकाएकी सोन्यासारखा झाला. जुन्या भाडेकरूला काढायचे, कामगाराला गप्प करायचे, अडलेला सौदा उरकायचा, तर कोर्टात वीस वर्षे आणि टोळीकडे वीस दिवस! हिशेब करणाऱ्याने हिशेब केला.

७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला भर रस्त्यात मारले. त्यांच्या भायखळ्याच्या गिरणीची जमीन विकण्याच्या व्यवहारात टोळ्या उतरल्या होत्या असे तेव्हा उघड बोलले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वांद्र्याला माजी आमदार रामदास नायक यांची हत्या झाली. १३ नोव्हेंबर १९९५ ला ईस्ट वेस्ट विमान कंपनीचे तकीउद्दीन वाहिद मारले गेले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत घराजवळच डॉ. दत्ता सामंत यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यांच्या अंत्ययात्रेस लोटलेला कामगारांचा समुदाय ज्यांनी पाहिला ते तो विसरले नसतील. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत मंदिराबाहेर गुलशन कुमार. १९९८ या एका वर्षात टोळ्यांच्या गोळीबारात मेलेल्यांची संख्या शंभराच्या घरात गेली.

नीट पाहिले तर ध्यानात येईल की गिरणीमालक, कामगार नेता, आमदार, विमान कंपनीवाला, कॅसेटवाला, ही नावे छापून आली. त्यांच्या आगेमागे जे 'टोळीतील एक इसम' म्हणून एका ओळीत संपले, त्यांची नावे त्यांच्या आयांनाच ठाऊक.

याच दशकाच्या वहीत एक मोठे पान दंगलीचे आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींची चौकशी न्या. श्रीकृष्ण आयोगाने केली. आयोगाने मृतांची संख्या ९०० दिली. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, बाकीचे इतर वा अज्ञात. मरणाची कारणेही दिली आहेत. पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०, खासगी गोळीबारात २२ आणि इतर कारणांनी ४. बेरीज करून पाहा, बरोबर जुळते. त्यानंतर १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांत २५७ माणसे मेली. टोळीयुद्ध तोवर धंद्याचे होते. या स्फोटांनंतर त्यात धर्माची फाळणी झाली, आणि दाऊद आणि राजन यांच्या वैराला नवी झूल चढली. धंदा मात्र दोघांचाही तोच राहिला.

दंगलीतील ३५६ हा आकडा दुसऱ्याही कारणासाठी ध्यानात ठेवावा. मुंबईत गोळी म्हटले की आपल्याला फक्त गुंडाची गोळी आठवते. पण सरकारी गोळीही याच शहरात सुटते आणि माणूस तिनेही मरतोच. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात काय घडले हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जीव गेले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास जन्मठेप दिली, पण पुढे उच्च न्यायालयातून त्यास जामीन मिळाला. गुलशन कुमार यांच्या हत्येच्या महिनाभर आधीची ही घटना. १९९७ च्या 'गोळीबाराच्या वर्षा'विषयी लिहिणारे रमाबाई नगर त्यात क्वचितच धरतात. आम्ही धरतो.

आणि चकमकी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या एका निकालात याची नोंद आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली, त्या खऱ्या होत्या की खोट्या, असा प्रश्न एका नागरी हक्क संघटनेने न्यायालयापुढे नेला होता. त्यावरून चकमकीनंतर काय काय करावे याचे १६ नियम न्यायालयाने घालून दिले. २००१ या एकाच वर्षी चकमकीत नव्वदहून अधिक माणसे मारली गेली. योगायोग बघा, १९९५ ते १९९७ मध्ये चकमकींत १३५, आणि २०२२ साली सबंध मुंबईत नोंदलेले खूनही १३५. आणि चकमकीत मेलेला खुनाच्या खात्यात धरत नाहीत. वही वेगळी, पान वेगळे.

त्या काळी चकमकफेम अधिकाऱ्यांचे केवढे कौतुक होते! त्यांच्यावर सिनेमे निघाले. आमच्याही चाळींतून पेढे वाटलेले आम्हांस माहीत आहेत, कारण लोक खंडणीला खरोखर विटले होते. लहान हॉटेलवाला, केबलवाला, चाळीचा ठेकेदार, सगळ्यांना फोन येत. तेव्हा लोकांना दोष देणे सोपे नाही. पण न्यायाधीश, वकील, साक्षीदार यांच्यावाचून एका माणसाने पिस्तुलाने निकाल द्यायचा, हे ज्या समाजाने राज्यघटनेसाठी जिवाचे रान केले त्या समाजाने तरी डोक्यावर घेऊ नये असे आम्हांस तेव्हापासून वाटत आले आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला उचलून नेऊन मारल्याच्या प्रकरणात २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप झाली. त्यात निर्दोष सुटलेल्या एका नामांकित अधिकाऱ्यासही २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्याच्या भावाने वकिली करून ही लढाई वर्षानुवर्षे लढवली, तसा भाऊ नाक्यावरच्या किती पोरांना असतो?

मग टोळ्यांचे गोळीबार कमी झाले ते चकमकींमुळेच ना, असे कोणी विचारील. काही अंशी होय, आम्ही नाकारत नाही. परंतु १९९९ मध्ये मोक्का कायदा आला आणि जामीन दुरापास्त झाला. म्होरके एकेक करून हाती लागले, अबू सालेम २००५ मध्ये पोर्तुगालहून, छोटा राजन २०१५ मध्ये इंडोनेशियातून. पत्रकार जे. डे यांच्या ११ जून २०११ रोजी पवईत झालेल्या खुनाबद्दल राजनला २०१८ मध्ये जन्मठेप झाली. अरुण गवळी २००४ मध्ये आमदार झाले, २०१२ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसंडेकर खून खटल्यात त्यांना जन्मठेप झाली, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांस जामीन दिला. आणि मुख्य म्हणजे जमिनीचा धंदाच बदलला. गिरण्यांच्या जमिनींचे सौदे २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राजरोस पार पडू लागले. जे काम पूर्वी पिस्तुलाने होई ते आता करारपत्राने होते. टॉवर उभे राहिले ते राहिलेच. गोळीबार थांबला म्हणून कामगाराला त्याची खोली मिळाली असे मात्र फार थोड्यांच्या बाबतीत झाले.

आता आजच्या खुनांकडे येऊ, कारण माता-भगिनींच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे.

२०२२ साली देशात २८,५२२ खून झाले. त्यांतील ९,९६२ चे कारण अहवालात 'वाद' असे दिले आहे. ३,७६१ वैयक्तिक वैरातून, १,८८४ पैशाच्या लोभातून. टोळीचे वैर या यादीत फार खाली येते. 'वाद' म्हणजे काय? नळावरचे पाणी. सार्वजनिक संडासाची रांग. उसने घेतलेले पाचशे रुपये. गाडी लावण्याची जागा. दारू पिताना निघालेला जुना विषय. हत्यार म्हणजे घरातला सुरा, नाक्यावरचा पेव्हर ब्लॉक, नाहीतर नुसती लाथाबुक्की. मारणारा आणि मरणारा बहुधा एकमेकांच्या लग्नात जेवलेले.

आणि घरातल्या बाईचे काय? येथेही आमची कारकुनी नजर एका गोष्टीवर अडते. हुंडाबळी खुनाच्या आकड्यात धरत नाहीत, त्यांचे खाते वेगळे. २०२२ साली देशात ते ६,४५० होते. आपल्याकडे हुंडा नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. बाबासाहेबांच्या नावाने लग्न लागते, मंगल परिणय होतो, आणि नंतर मोटारसायकलचे नाव हळूच निघते. या पानावर यापूर्वीही यावर लिहून झाले आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. असो.

एक पान आणखी, ज्यांचे कोणीच नाही त्यांचे. १९८५ ते १९८७ च्या दरम्यान सायन-किंग्ज सर्कल भागात फूटपाथवर झोपलेल्या डझनभर माणसांना डोक्यात दगड घालून मारले गेले. मारणारा आजवर सापडलेला नाही. मेलेल्यांतील कित्येकांची ओळखही पटली नव्हती. तपास लागणे न लागणे मेलेल्याच्या पत्त्यावरही अवलंबून असते.

बंदुकीविषयी एक परदेशचा दाखला देतो. अमेरिकेतील शिकागो शहराची वस्ती २७ लाखांच्या आसपास. तेथे २०२१ साली सुमारे आठशे खून झाले. त्याच वर्षी मुंबईत, चौपटीहून अधिक वस्तीत, १६२. शिकागोचा माणूस मुंबईकराहून जास्त रागीट असतो काय? नाही. तेथे बंदूक दुकानात मिळते. त्या वर्षी त्या देशात दहापैकी आठ खून बंदुकीने झाले. आपल्या नळावरच्या भांडणात हंडा फेकला जातो, डोक्याला चार टाके पडतात आणि संध्याकाळी दोघे पुन्हा बोलतात. तेच भांडण खिशात पिस्तूल असताना झाले तर टाके घालण्याची वेळच येत नाही. शिकागोत मरणारे कोण, हेही बघावे. शहरात काळ्यांची वस्ती तिसऱ्या हिश्श्याच्याही आत, पण खुनात मरणाऱ्यांत त्यांचाच भरणा मोठा. तेही जेथले कारखाने बंद पडले त्याच भागांतले. गिरणगावच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. शहर सुधारू शकते हेही खरे. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली बावीसशेहून अधिक खून झाले होते, २०१८ साली ते तीनशेच्या आत आले.

म्हणूनच २०२४ च्या तीन घटनांकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. घोसाळकर यांची हत्या टोळीची नव्हतीच. ते वैयक्तिक वैर होते, मारणाऱ्याने स्वतःसही गोळी घालून घेतली, आणि पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे होते असे पोलिसांनी सांगितले. सिद्दिकी प्रकरणाचे मात्र वेगळे आहे. तेथे पोलिसांनी धरलेल्यांत उत्तर प्रदेश आणि हरियाणातून आलेली विशीच्या आसपासची पोरे होती, काही पुण्यात भंगाराच्या दुकानात राबलेली. पिस्तूल चालवायचे कसे हे मोबाईलवरच्या व्हिडिओंतून पाहिले, असे पोलिसांचे म्हणणे आहे. न्यायालयात काय सिद्ध होते ते तेथे कळेल. आम्हांस दिसते ते एवढेच की भरतीचा नाका बदलला. पूर्वी दादा चाळीखाली उभा असे, आईला तो दिसे, ती पोराला हाक मारून वर बोलावू शके. आता दादा मोबाईलमध्ये आहे. रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या पोरगा कोणाचे रील पाहतो आणि कोणाला 'भाई' म्हणतो हे शेजारी झोपलेल्या बापालाही कळत नाही.

तेव्हा घरातल्या मोठ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. 'मी काही केले नाही, फक्त सिमकार्ड दिले', 'एक रात्र मित्राला झोपायला दिले' असे म्हणून मोक्कातून सुटता येत नाही. टोळीच्या माणसाला आसरा दिल्याबद्दल या कायद्यात कमीत कमी पाच वर्षे शिक्षा आणि पाच लाख दंड आहे. पोलीस उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाबही त्यात पुरावा धरला जातो. 'पोरगा अठराचा नाही, त्याला काही होत नाही' ही समजूतही आता खरी नाही. २०१५ च्या कायद्याप्रमाणे सोळा वर्षांवरील मुलावर खुनासारख्या गुन्ह्यात मोठ्या माणसासारखा खटला चालवता येतो. नाक्यावरच्या भाईला हे पक्के ठाऊक असते. तो सोळाच्या आतले पोर शोधतो.

मारामारीत कोणी जखमी झाला तर आधी पोलीस की आधी दवाखाना, यात वेळ घालवू नये. १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की जखमीवर आधी उपचार करायचे, पोलिसी कागद नंतर. सरकारी असो की खासगी, कोणताही डॉक्टर 'आधी केस नोंदवा' म्हणून परत पाठवू शकत नाही. सुरा शरीरात रुतला असेल तर तो ओढून काढू नये, आहे तसाच केईएम, सायन, नायर, जे. जे. यांपैकी जवळच्या रुग्णालयात न्यावे. कापडाने घट्ट दाबून धरले तर वाटेत रक्त कमी जाते.

फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. 'आमची हद्द नाही' हे उत्तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत चालत नाही. पूर्वीचे कलम ३०२ आता न्याय संहितेत कलम १०३ झाले आहे, तेव्हा कागदावर ३०२ दिसले नाही म्हणून घाबरू नये. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी आणि घरात पत्र्याच्या पेटीत नव्हे, हाताशी ठेवावी. मयताच्या वारसांना राज्याच्या नुकसानभरपाई योजनेतून रक्कम मिळू शकते, आरोपी सापडला नसला तरीही. त्यासाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा लागतो. अनुसूचित जातीची व्यक्ती असो वा कोणत्याही जातीची स्त्री, त्यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. सोबत फिर्यादीची प्रत, मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका आणि असल्यास जातीचा दाखला न्यावा. अर्जास फी नाही.